पत्राला जागा ठेवा

सकाळी साडेआठ

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आमचं डीटीपीचं ऑफिस आहे. शटर उघडलं की मी आधी कागदाच्या कपाटाकडे जाते. जुलै महिना, आठवडाभर पावसाची झड लागलेली. कागद हवेतलं पाणी पितो, त्याच्या कडा लहरी होतात आणि असा कागद लेझर प्रिंटरमध्ये हमखास अडकतो. गिऱ्हाइकाकडचा क्लार्क मग प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावतो, पण प्रिंटरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. रिमच्या वेष्टनाला ओल अडवणारा थर असतो. म्हणून पावसाळ्यात उरलेला कागद परत त्याच वेष्टनात गुंडाळून आडवा ठेवायचा, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं अशी सगळी कामं आम्ही करतो. माझा जीव मात्र लेटरहेडवर. पत्रिका किंवा हँडबिल छापून झालं की पुरं होतं. लेटरहेड छापून झाल्यावरही अपुरंच असतं. त्यावर कोणीतरी पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला की ते पुरं झालं. वडिलांचा छापखाना होता, ट्रेडल मशीन होतं. त्या काळी शिशाचे खिळे जुळवून लेटरहेड तयार व्हायचं आणि कोरी जागासुद्धा जुळवावी लागायची. ओळींच्या मध्ये पट्ट्या, रिकाम्या भागात शिशाचे आणि लाकडाचे ठोकळे, मग सगळं चौकटीत आवळायचं. मोकळी जागा वजनदार असते, ती हातानं उचलून ठेवावी लागते, हे त्यांच्याजवळ उभं राहून कळलं. संगणकावर ती फुकट मिळते, म्हणून लोक ती भरून टाकतात.

सव्वानऊ

व्हॉट्सअॅपवर रात्रीत आलेली कामं बघते. व्हिजिटिंग कार्डाचा तिरका फोटो आणि खाली मजकूर: ‘ताई, हाच लोगो टाका.’ फोटोतला लोगो छपाईला चालत नाही. तो कोरलड्रॉमध्ये रेघारेघांनी पुन्हा काढावा लागतो. आमच्याकडच्या मुलीला ते काम दिलं. नजर चांगली आहे तिची, गोलाई कुठं मोडलीय ते लगेच दिसतं तिला.

नवा दवाखाना काढलेल्या एका डॉक्टरांना लेटरहेड आणि प्रिस्क्रिप्शन पॅड हवंय. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यावर लाल क्रॉस आहे. रेडक्रॉसचं चिन्ह असं वापरायला जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा, १९६० प्रमाणे मनाई आहे. युद्धात जखमींना वाचवणाऱ्यांसाठी ते राखून ठेवलेलं आहे. त्यांना फोन करून सांगितलं. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यांनी दिला नव्हता, तोही मागून घेतला. प्रिस्क्रिप्शनवर तो लागतोच, सर्टिफिकेटवरही लागतो.

अशोकस्तंभाचंही तेच. सामाजिक कार्यकर्ते, माजी पदाधिकारी येतात आणि वर सिंह छापा म्हणतात. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, खाजगी माणसाला ती वापरता येत नाही. मी नाही म्हणते, काम गेलं तरी चालेल.

साडेदहा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे अकाउंटंट आले. कंपनीचं नाव यंदा बदललंय, म्हणून सगळी स्टेशनरी नव्यानं करायची आहे. त्यांनी आणलेल्या कच्च्या कागदावर नवं नाव, कारखान्याचा पत्ता, दोन मोबाइल, ई-मेल आणि सहा कास्टिंगचे फोटो होते. पण कायद्यानं जे हवं ते त्यात नव्हतं.

कंपनी कायदा, २०१३ चं कलम १२ मी पाठ केलंय म्हटलं तरी चालेल. प्रत्येक कंपनीच्या व्यावसायिक पत्रावर, बिलावर, नोटिशीवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापलेला हवा. दूरध्वनी हवा, आणि ई-मेल, वेबसाइट, फॅक्स असतील तर तेही. चुकलं तर दिवसाला हजार रुपये दंड, वर मर्यादा एक लाखाची. कारखाना कुपवाडला असला तरी यांचं नोंदणीकृत कार्यालय विश्रामबागेत घरीच आहे. तो पत्ता ‘नोंदणीकृत कार्यालय’ असं स्पष्ट लिहूनच आला पाहिजे, आणि कारखान्याचा पत्ता त्यात मिसळता कामा नये.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. नाव बदललं की पुढची दोन वर्षं जुनं नावही सोबत छापावं लागतं. अकाउंटंटना हे माहीत होतं, पण कागद किती छापायचा याच्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला नव्हता. ते पाच हजार प्रती घ्यायला निघाले होते, दर कमी पडतो म्हणून. यांची पत्रं महिन्याला साठ-सत्तरच्या वर नाहीत, आणि त्यातली निम्मी आता ई-मेलनं जातात. दोन वर्षांनी ‘पूर्वीचे नाव’ ही ओळ काढायची तेव्हा उरलेले गठ्ठे रद्दीत जाणार. ‘हजार घ्या,’ म्हटलं. त्यांनी हिशेब केला आणि हजारावर आले.

निघताना मी त्यांच्याकडे माझी नेहमीची मागणी ठेवली: गेल्या महिन्यात खरोखर पाठवलेली दोन-तीन पत्रं द्या. आकडे खोडा, नावं खोडा, पण पत्रं खरी द्या. त्यांनी तिथल्या तिथं मोबाइलवरून पाठवली. एक कोटेशन, एक बँकेला, एक परत आलेल्या मालाबद्दलचं उत्तर.

साडेअकरा

आता दोन तास मी कोणाचा फोन घेत नाही.

कोणतंही लेटरहेड मी कोरं मांडायला घेत नाही. आधी पानावर गिऱ्हाइकाचं सगळ्यात लांब पत्र ओतते, आणि मग त्याच्या भोवती उरलेल्या जागेत नाव-पत्ता बसवते. फौंड्रीचं कोटेशन उघडलं आणि पहिलाच निर्णय होऊन गेला. त्यात सात रकान्यांचा तक्ता आहे: अनुक्रमांक, पार्ट नंबर, धातूचा प्रकार, वजन, नग, दर, रक्कम. कंपनीला डावीकडे पंचेचाळीस मिलिमीटरची उभी रंगीत पट्टी आणि तिच्यात कास्टिंगचे फोटो हवे होते. ए-फोरची रुंदी २१० मिलिमीटर. पट्टी, तिच्यानंतरची मोकळी फट आणि उजवा समास काढला की तक्त्याला जेमतेम १३९ उरतात. तेवढ्यात सात रकाने बसवायचे तर अक्षर आठ पॉइंटावर आणावं लागेल, आणि खरेदी विभागातला माणूस चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेईल. पट्टी बाद. फोटो कॅटलॉगमध्ये शोभतील.

डावा समास २५ मिलिमीटर ठेवला. फाइलचा पंच कडेपासून १२ मिलिमीटरवर भोक पाडतो, दोन भोकांत ८० मिलिमीटर अंतर, हे आंतरराष्ट्रीय मानकानं ठरलेलं माप आहे. समास पंधरा-सोळाचा ठेवला तर भोकांजवळच्या ओळींचं पहिलं अक्षर भोकाला चिकटतं. आपल्याकडे आणखी एक भोक असतं. सरकारी कचेरीत, बँकेत कागद वरच्या डाव्या कोपऱ्यात टोचून टॅगनं बांधतात. बहुतेक लेटरहेडवर लोगो नेमका तिथंच असतो. वर्षभरानं ती फाइल उघडली की लोगोच्या छातीत भोक दिसतं. मी लोगो कोपऱ्यातून आत आणते, डाव्या समासाच्या रेषेवर, वरून १५ मिलिमीटर खाली. एवढ्यानं तो वाचतो.

मग घड्या. ए-फोरच्या तीन समान घड्या म्हणजे ९९ मिलिमीटरची एकेक. साडेनऊ बाय सव्वाचार इंचाच्या पाकिटात ते नीट बसतं. पहिली घडी ९९ वर येते, म्हणजे वरच्या भागात छापील मथळा, तारीख, जावक क्रमांक, पत्ता आणि जमलं तर विषयाची ओळ यावी. पाकिटातून काढून वरची घडी उघडताच कोणाचं, कोणाला, कशाबद्दल हे कळतं. मथळाच सत्तर मिलिमीटर घेऊन बसला तर पत्ता घडीवर येतो आणि विषय घडीच्या पोटात जातो. डाव्या कडेला ९९ वर एक बारीक टिचकीभर रेघ मी नेहमी छापते. जर्मनीत घडीची अशी खूण पत्राच्या ठरीव नमुन्यातच असते. कागदाचं हे मापही तिथलंच: वॉल्टर पोर्स्टमान यांच्या मांडणीवरून १९२२ मध्ये जर्मन मानक झालं, १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं. यान चिखोल्डनं १९२८ च्या आपल्या टायपोग्राफीच्या पुस्तकात लेटरहेडवर सविस्तर लिहिलं, तेव्हा त्यालाही हीच मानकं धरून शिकवावंसं वाटलं. ऑफिसात दिवसभर कागद दुमडणाऱ्या शिपायाची सोय डिझाइनमध्ये धरायची, हे मला त्या परंपरेचं मोठेपण वाटतं.

फौंड्रीचं पान असं ठरलं: मथळा ३८ मिलिमीटरात संपतो, पत्राची पहिली ओळ ५० वर सुरू होते, तळाचे २८ फुटर आणि मोकळ्या जागेसाठी. मधे २१९ मिलिमीटर उरले. अकरा पॉइंटाचं अक्षर पंधरा पॉइंटांच्या ओळीवर घेतलं तर सुमारे एकेचाळीस ओळी बसतात. बँकेचं पत्र सही-शिक्क्यासकट एका पानात आलं. जुन्या लेटरहेडवर त्याची सहीच फक्त दुसऱ्या पानावर जात होती. सहीपुरतं दुसरं पान बँकेत कोणालाच आवडत नाही.

फुटर हा भाग सगळ्यात किचकट. सीआयएन एकवीस अक्षरांचा, जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. एकापुढे एक लिहिले तर कोणाला वाचवत नाहीत. जीएसटीचा क्रमांक बिलावर तर लागतोच, पत्रावर सोयीसाठी छापतात. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. छापताना मी त्यात मोकळी जागा घालत नाही, कारण लोक तो जसाच्या तसा पोर्टलवर टाइप करतात. त्याऐवजी प्रत्येक क्रमांकाला स्वतःची ओळ देते आणि शून्य व ओ वेगळे दिसतील असा फाँट घेते. साडेसात पॉइंट पुरतात.

दुपारी दीड

डबा. आज घरून शेवग्याची आमटी आली होती.

दोन

जवळच्या खेड्यातल्या एका पतसंस्थेचे सचिव आले होते. त्यांच्या लेटरहेडवर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत संचालक मंडळाची नावं आहेत, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि बाकी सगळे. मंडळाची मुदत पाच वर्षांची. मधे कोणी राजीनामा देतं, कोणी वारतं, आणि उरलेल्या कागदावर पेनानं नाव खोडलेलं दिसतं. मी फक्त नोंदणी क्रमांक, स्थापना वर्ष आणि पत्ता ठेवायला सुचवलं. सचिव म्हणाले, ‘ताई, तुमचं पटतंय, पण नावं काढली तर मला गावात फिरू देणार नाहीत.’ त्यांचंही खरं होतं. नावं राहिली. फक्त बाजूच्या रकान्यातून काढून तळाशी दोन ओळींत बसवली, म्हणजे पत्राला पूर्ण रुंदी मिळाली आणि निवडणुकीनंतर तेवढ्या दोन ओळींची प्लेट बदलली की झालं.

अडीच

संध्याकाळी बेदाण्याचे एक अडते बापलेक येणार आहेत, त्यांची मांडणी तयार ठेवायची होती. मार्केट यार्डातली पेढी, आजोबांच्या वेळची. शेतकऱ्यांना आणि शीतगृहाला पत्रं मराठीत, उत्तरेकडच्या खरेदीदारांना इंग्रजीत. म्हणजे मथळा दोन्ही भाषांचा.

देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकतं, रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. एकाच ओळीत दोन्ही आली की त्याच पॉइंटात इंग्रजी बहुधा मोठं आणि जड दिसतं. म्हणून मी इंग्रजी थोडं लहान करते आणि डोळ्यांनी जुळवते. आकड्यांवर सोडून चालत नाही. मराठीला ओळींमध्ये जागाही जास्त लागते. वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी पुरणारं अंतर मराठीला दिलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आपटतो. पत्त्याच्या चार ओळींत हे नेहमी दिसतं.

पेढीच्या नावात ल आणि श दोन्ही आहेत. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या वळणापेक्षा वेगळे. शासनानंही मराठीसाठी हेच वळण मान्य केलंय. पण फाँट हिंदीच्या सवयीनं बनवलेला असला, तर सांगलीच्या पेढीच्या नावात परकी अक्षरं येऊन बसतात. वाचणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. पुष्कळ नव्या युनिकोड फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी ठरवली की अक्षरं आपोआप बदलतात. तेवढं एक बटण दाबायचं लोक विसरतात. मी नेहमीच्या मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता वापरते. मोफत आहे, गिऱ्हाइकाच्या संगणकावरही टाकता येतो. वर्षानुवर्षं आम्ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर कामं केली आणि तिचे फाँट अजून छापखान्यांत चालतात. पण जुन्या पद्धतीनं टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुरा होतो. छपाईला देताना अक्षरांच्या आकृत्या करून दिल्या तर भागतं. वर्डच्या नमुन्यात मात्र युनिकोडच हवं.

पेढीचं नाव मात्र फाँटमध्ये नाही घेतलं. हातानं काढलं, कागदावर, कट निबनं, मग स्कॅन केलं. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिली आहेत, त्यांना सांगायला नको की नावाला स्वतःचा चेहरा देता येतो. र. कृ. जोशींनी तर विंडोजबरोबर घराघरांत पोचलेला मंगल फाँट घडवला, आणि तेही आधी हातानं अक्षर काढणारेच. आज मला शिरोरेघ हवी तशी जमायला वेळ लागला. ती सरळ ओढली की नाव पाटीसारखं दिसत होतं. शेवटी डावीकडे किंचित जाड आणि उजवीकडे निमुळती केली, तेव्हा त्यात पेढीचं वय आलं.

साडेचार

वखारभागातल्या छापखान्यात. गेल्या आठवड्यातल्या एका कामाची प्लेट मशीनवर चढली होती. छोट्या ऑफसेटवर ए-फोर कागद थेट चालतो. कागदाची एक कड ग्रिपर धरतो, सुमारे सेंटिमीटरभर, आणि तिथं शाई लागत नाही. म्हणून कडेपर्यंत रंग हवा असेल तर मोठ्या कागदावर, चारी बाजूंना तीन मिलिमीटर जास्त छापून मग कापावं लागतं. मी शक्यतो कडेपर्यंत काही नेतच नाही. गिऱ्हाइकाचा खर्च वाचतो, आणि उद्या त्यानं हेच लेटरहेड आपल्या प्रिंटरवर काढलं तरी पांढरी कड राहून ते वेगळं दिसत नाही.

मशीनवरच्या काकांनी पहिला नमुना दिला. मी भिंग लावून पत्त्याची ओळ पाहिली. अक्षरं एकट्या काळ्यात होती, कडा स्वच्छ. असाच मजकूर चार रंग मिसळून काळा केला तर मशीन किंचित सरकलं तरी अक्षराच्या कडेला गुलाबी-निळी सावली येते; साडेसात पॉइंटात ती वाचणाऱ्याला टोचते. लोगोचा निळा स्वतंत्र रंग म्हणून वेगळ्या प्लेटवर आहे. दोन रंग, दोन प्लेटा. चार रंगांत हा निळा दर छपाईत थोडा जांभळ्याकडे गेला असता.

शाई बोटाला लागत नाही म्हणजे वाळली असं नाही. ऑफसेटची शाई हवेनं वाळते, पावसाळ्यात जास्त वेळ घेते. ओली शाई लेझर प्रिंटरच्या तापलेल्या रोलरमधून गेली की लोगोची फिकट छाप खालच्या निम्म्या पानावर उमटते. काका आज रात्रभर आणि उद्या दिवसभर गठ्ठे उघडे ठेवतील, मगच बांधतील. फौंड्रीच्या मालकांना उठावाची, बोटाला लागणारी अक्षरं हवी होती. राळेची पूड वितळवून केलेला तो उठाव लेझरच्या उष्णतेनं पुन्हा वितळतो. त्यांच्याकडे रोज लेझरवरच पत्रं निघतात, म्हणून तो बेत आम्ही सकाळीच सोडला.

कागदाचा मामला इथंच ठरतो. फौंड्रीसाठी ८५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८५ ग्रॅम वजनाचा, एक्झिक्युटिव्ह बाँड. शंभरचा हाताला भारदस्त लागतो, पण ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, शंभर जीएसएमचं एक पान सव्वासहा ग्रॅमचं. तीन पानं एकोणीस ग्रॅम, पाकीट धरलं की टपालाचा वीस ग्रॅमचा पहिला टप्पा ओलांडला. कोटेशनं तीन पानांची असतात यांची.

सहा

अडते बापलेक आले. वडील पांढऱ्या कपड्यांत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आजोबांच्या वेळचं लेटरहेड. ते मी बराच वेळ पाहिलं. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, त्याखाली नाव, डावीकडे ‘तार’ म्हणून एका शब्दाचा पत्ता, उजवीकडे दुकानाचा आणि घराचा फोन, दोन्ही चार आकडी. खिळ्यांची छपाई, कागदाच्या मागून हात फिरवला की अक्षरं लागतात. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण त्या पानाची रचना आजही निर्दोष आहे: मथळा छोटा, आणि खाली लिहायला मोकळं रान.

मुलानं मोबाइलवर एक नमुना आणला होता. पानाच्या मधोमध द्राक्षांचा फिकट घड, नाव पिवळ्यात, खाली हिरवी लाट. दिसायला गोड होतं. मी वाद घातला नाही. त्यांनीच दिलेलं शीतगृहाचं पत्र त्या नमुन्यावर टाकलं, रंगीत काढलं आणि बोळाच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे तिथून त्याची साधी प्रत काढून आणायला मुलीला पाठवलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. झेरॉक्सवर पिवळं नाव जवळजवळ नाहीसं झालं होतं. द्राक्षांचा घड राखाडी डाग होऊन नेमका पेट्यांच्या संख्येवर आला होता. ३ आहे की ८, ते कळत नव्हतं. वडिलांनी तो कागद उचलून दिव्याखाली धरला आणि मुलाला म्हणाले, ‘हे बघ की. पेट्या किती ते दिसंना. उद्या भांडण झालं तर काय दाखवशील?’

मग माझी मांडणी ठेवली, तेच पत्र टाइप केलेली. वडिलांना नाव लहान वाटलं. ‘जरा मोठं घ्या की ताई, चार लोकांत दिसलं पाहिजे.’ मी कागद भिंतीला लावला आणि त्यांना दाराशी उभं केलं. तिथूनही नाव वाचता येत होतं, कारण भोवती काही नव्हतं. तरी त्यांचं मन राखून दीड मिलिमीटर वाढवलं. ‘॥ श्री ॥’ राहिला. त्याला पाच मिलिमीटर लागतात आणि तो तिथलाच आहे. द्राक्षांचा घड लहान करून, गडद हिरव्या एका रंगात, नावाच्या उजवीकडे ठेवला. मुलाचा चेहरा उजळला. पत्ता आणि फोन मराठी अंकांत. तळाशी चौदा आकडी एफएसएसएआय परवाना आणि जीएसटी क्रमांक मात्र इंग्रजी अक्षर-आकड्यांत, कारण खरेदीदाराच्या कारकुनाला ते तसेच भरावे लागतात. सांगली न्यायकक्षेची ओळ बिलावर हवी, पत्रावरून काढली. वडील म्हणाले, ‘आमच्या वडलांच्यावर बी नव्हती.’ हजार प्रती, शंभर जीएसएम, दोन रंग. पत्रं एकाच पानाची असतात, वजनाचा प्रश्न नाही.

साडेसात

शेवटचं काम वर्डचा नमुना. छापील लेटरहेडसोबत तो न देता मी काम पूर्ण झालं असं मानत नाही. छापील कागदावर पत्र काढताना मजकूर मथळ्याखाली यावा म्हणून क्लार्क पाच-सात वेळा एंटर मारतो, आणि पुढं एक ओळ वाढली की सगळं खाली घसरतं. नमुन्यात वरचा समास पन्नास मिलिमीटरला बांधून ठेवला, दुसऱ्या पानासाठी वेगळा, पंचवीसचा. ई-मेलनं जाणाऱ्या पत्रासाठी दुसरा नमुना, ज्यात मथळा हेडरमध्येच आहे आणि फक्त पहिल्या पानावर दिसतो. नाव-पत्ता चित्र म्हणून चिकटवला नाही. खरी अक्षरं ठेवली, म्हणजे पीडीएफमधून ई-मेल आणि क्रमांक उचलता येतात. फौंड्रीचे दोन्ही नमुने पाठवले, पेढीचे उद्या.

तुम्ही कधी लेटरहेड करून घ्यायला गेलात, तर लोगो आणि पत्त्यासोबत आपलं एक खरं, पाठवलेलं पत्र घेऊन जा, सगळ्यात लांब असेल ते. डिझायनरला सांगा, हे त्यावर टाइप करून दाखवा. मग तो कागद तीन घड्या घालून पाकिटात घाला, बाहेर काढा, पंच करा, त्याची झेरॉक्स काढा, आणि आपल्याच ऑफिसातल्या टाइप करणाऱ्या माणसाला विचारा. त्यानं होकार दिल्यावरच छापायला द्या.